वसंतमामांचा जबाबदार शुक्रवार

आमचे वसंतमामा जुगार खेळत नसत. ते जबाबदारीने पैज लावत. या दोन्हींत काय फरक आहे हे ते कोणालाही समजावून सांगायला तयार असत. शनवारा वेशीजवळच्या त्यांच्या खत-औषधांच्या दुकानात युरियाची गोणी घ्यायला आलेल्या माणसाला ते ऐकून घेतल्याशिवाय गोणी मिळत नसे.

"जुगारी माणूस भावनेने खेळतो," ते सांगत. "आपण हिसाबाने खेळतो. म्हणून क्रिकेटवर मी एक रुपया लावत नाही. क्रिकेट आपल्याला समजतं, त्यात जीव गुंततो. हा अमेरिकेचा फुटबॉल आहे ना, यातलं आपल्याला काही म्हणजे काही कळत नाही. त्यामुळे डोकं एकदम थंड राहतं."

ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी आणणारा कायदा यायच्या आधीचा तो हिवाळा. अ‍ॅप कुठल्यातरी परदेशी कंपनीचं होतं आणि मोबाइल दुरुस्त करणाऱ्या निलेशने ते मामांच्या फोनमध्ये टाकून दिलं होतं. ते कायदेशीर आहे का, असं मामांनी विचारलं नाही. ते जबाबदार आहे का, असं विचारलं. निलेशने स्क्रीनच्या तळाशी बोट ठेवलं. तिथे लिहिलं होतं, 'जिम्मेदारी से खेलें'. मामांचं समाधान झालं.

मी तेव्हा इंदूरहून संख्याशास्त्रात एम.एस्सी. करून घरी आले होते. संशोधनाच्या जागेसाठी दिलेल्या मुलाखतीचा निकाल यायचा होता आणि दिवस रिकामे होते. मामांनी बोलावून घेतलं. म्हणाले, "हिमू, मला नियम बनवून दे. पक्के. तुझ्या शिक्षणाचा घरच्यांना काही फायदा होऊ दे."

मी नाही म्हणायला हवं होतं. पण प्रश्न मला मजेदार वाटला, आणि मजेदार प्रश्नापुढे माझं फार चालत नाही. आधी मी त्यांना कागदावर हिशेब मांडून दाखवला. दोन्ही संघ सारख्याच तोडीचे असले तरी अ‍ॅप जिंकणाऱ्याला शंभराचे दोनशे देत नाही, एकशे नव्वद देतं. म्हणजे कितीही शांत डोक्याने खेळा, लावलेल्या दर शंभरामागे सरासरी पाच रुपये अ‍ॅपकडेच राहणार.

"पाच टक्के ना?" मामा म्हणाले. "कटती समजायची. मंडीत पण घडाच्या दांड्याच्या वजनाची कटती जाते. म्हणून कोणी केळी लावणं सोडलं का?"

"मामा, केळी वाढतात. हे पैसे वाढत नाहीत."

"तू फार निगेटिव्ह बोलते बेटा. नियम लिही."

मी सात नियम लिहिले. आठवड्याला सातशे रुपये, त्यावर एक रुपया नाही. हरलेल्या दिवशी दुसरी पैज नाही. दुकान उघडं असताना अ‍ॅप बंद. असे सहा झाले. सातवा मला स्वतःला फार आवडला होता. ते अ‍ॅप दर तासाला स्क्रीनभर एक सूचना दाखवी की तुम्ही एक तास खेळत आहात, जरा थांबा. लोक अशा सूचना न वाचताच बंद करतात, हे मी एका शोधनिबंधात वाचलं होतं. म्हणून मी लिहिलं: सूचना पूर्ण वाचायची, ओठ हलवून दहा मोजायचे, आणि मगच बटण दाबायचं. हा नियम मी ठळक अक्षरांत छापला. मामांनी कागद लॅमिनेट करून आणला आणि गल्ल्यामागे गणपतीच्या तसबिरीखाली लावला.

वंदनामामी डबा द्यायला आल्या तेव्हा त्यांनी तो कागद उभ्याउभ्या वाचला.

"सात-सात नियम पाळावे लागतात, अशी गोष्ट करायचीच कशाला?"

"गाडी चालवायला नियम नसतात का?" मामा म्हणाले.

"गाडीने माणूस कुठेतरी पोचतो," मामी म्हणाल्या आणि डबा ठेवून गेल्या.

पुढचे अकरा आठवडे मामांनी एकही नियम मोडला नाही, आणि मी सांगितले होते साधारण तेवढेच पैसे घालवले. ते गेलेल्या पैशांबद्दल बोलत नसत, पाळलेल्या नियमांबद्दल बोलत. पहाटे उठून अंघोळ, देवपूजा, मग हेल्मेटचा रंग बघून शंभर रुपये. संघांची नावं त्यांना उच्चारता येत नसत. निळे, पिवळे, घोड्यावाले, पक्षीवाले, असं ते म्हणत. सामने ते बघत नसत. दहानंतर अ‍ॅपमध्ये निकाल आला की दोन शब्दांत मला कळवत. "निळे पडले." एवढंच.

मामांचं गावात नाव होतं ते मात्र वेगळ्या गोष्टीसाठी. जवळच्या फोपनार गावचे चौदा केळीवाले त्यांना आपला 'आवाज' मानत.

आमच्याकडे केळीच्या लिलावात दर गाडीच्या चिठ्ठीवर मालकाच्या नावाखाली एक नाव लिहितात: आवाज कोणाचा. बोलीवाला गाड्यांच्या रांगेतून फिरतो, मागून व्यापाऱ्यांचा घोळका. व्यापारी भाव चढवत जातात आणि एका जागी मुद्दाम थांबतात, दुसरीकडे बघायला लागतात, जणू माल त्यांच्या मनातून उतरलाय. बोलीवाला तीनपर्यंत मोजतो. तीनच्या आत आवाजाने 'नाही' म्हटलं तर बोली पुढे चालते. तो गप्प राहिला तर माल दिला. एका गाडीला एकच आवाज. मालक शेजारी उभा असला तरी चिठ्ठीवर दुसऱ्याचं नाव असेल तर मालकाचं बोलणं धरत नाहीत. पूर्वी एकाच गाडीवर दोन भाऊ दोन गोष्टी बोलत आणि मारामाऱ्या होत, त्यावरून ही पद्धत पडली म्हणतात.

कुठे 'नाही' म्हणायचं हीच त्यातली सगळी कला. लवकर म्हटलं तर व्यापारी चिडतात, उशिरा म्हटलं तर माल गेलेला असतो. मामांची 'नाही' मंडीत प्रसिद्ध होती. ती हळू असे, जराशी कंटाळलेली, पण तिच्यानंतर भाव हटकून क्विंटलमागे शंभर-दीडशेने वर जाई. याचे ते पैसे घेत नसत. चौदा घरांचं खत त्यांच्या दुकानातून जाई, ते वेगळं.

त्या डिसेंबरात मालूबाईंनी आपल्या गाडीचा आवाज मामांना दिला. मालूबाईंचा नवरा उखर्डू केळीचाच ट्रक घेऊन दिल्लीला जातो आणि महिन्यातले पाचसहा दिवस घरी असतो. तीन एकर बाग तोवर दीर पंडित बटाईने, अर्ध्या वाट्यावर, करत होते. त्या वर्षी मालूबाईंनी ती स्वतः केली. रोपं आणली, ठिबक टाकलं, घडांना पिशव्या बांधल्या. पंडितांना ते पटलं नव्हतं. शेवटी दोघांत ठरलं: पहिल्या कापणीच्या गाडीला त्याच दिवशीच्या पंडितांच्या गाडीपेक्षा रुपया जरी जास्त भाव मिळाला, तर बाग मालूबाईंकडे राहील. नाहीतर पाडव्यापासून पुन्हा बटाईने पंडितांकडे. उखर्डूने फोनवर दोघांनाही होकार दिला होता.

गुरुवारी संध्याकाळी मालूबाई दुकानात आल्या. सोबत आपल्या बागेतली एक फणी आणली होती. ती त्यांनी गल्ल्यावर ठेवली.

"पाहून घ्या वसंतभाऊ. एका केळावर डाग नाही. मले दुसरं काही नको. फक्त वेळेवर 'नाही' म्हना."

"मालूताई, अकरा वर्षं झाली. कधी चुकलो का?"

"म्हणूनच आली."

त्या गेल्यावर मामांनी एक केळ सोललं आणि मला आपला नवा बेत सांगितला. शुक्रवारी सकाळी, आपल्या पावणेसातला, तिकडे गुरुवार रात्रीचा सामना होता. या वेळी ते पहिल्या अर्ध्यावरच पैज लावणार होते, आणि पहिल्यांदाच सामना चालू असताना.

"उद्या मंडी आहे ना तुमची?"

"म्हणून तर अर्धाच सामना. पूर्ण साठ मिनिटांचा असतो ना? अर्धा म्हणजे तीस. सव्वासातला संपतो. लिलाव आठला. मध्ये चहा पण होऊन जातो."

मी त्यांना सांगितलं की त्या खेळात घड्याळ सारखं थांबतं. साठ मिनिटांच्या सामन्याला तीन तासांच्या वर लागतात. चेंडू खरा हलतो तो त्यातली दहा-अकरा मिनिटं. प्रत्येक अर्ध्याची शेवटची दोन मिनिटं तर किती लांबतील याचा नेम नसतो.

"दोन मिनिटं लांबून किती लांबतील? पाच?" मामा हसले. "आणि यात फायदा बघ. चालू सामन्यात बाहेर पडायचं बटण असतं. नुकसान दिसलं की बटणावर दिसतील तेवढे पैसे घेऊन निघून जायचं. हे जास्त जबाबदार आहे."

"आणि दुकान उघडं असताना अ‍ॅप बंद, तो नियम?"

"दुकान दहाला उघडतं. मंडी हा धंदा नाही, सेवा आहे. मी आवाजाचा पैसा घेतो का?"

नियमाच्या शब्दांपुरतं ते बरोबर होतं. ते शब्द माझेच होते. मी पुढे काही बोलले नाही, कारण तोवर माझ्या डोक्यात दुसरंच चालू झालं होतं: ती शेवटची दोन मिनिटं प्रत्यक्षात किती चालतात, हे स्टॉपवॉच लावून मोजायला मिळेल. मामांचा गुडघा दुखत होता, त्यांना स्कूटीवर मीच नेणार होते. मी घड्याळ चार्जिंगला लावलं.

शुक्रवारी थंडी चांगली होती. मंडीच्या आवारात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रांगेत उभ्या होत्या आणि सगळीकडे ओल्या केळीच्या पानांचा वास होता. मालूबाई आपल्या ट्रॉलीच्या कडेला मफलर गुंडाळून बसल्या होत्या. कापणीला त्या पहाटेपासून उभ्या होत्या. पदरावर केळीच्या चिकाचे काळे डाग पडले होते. आम्ही सात वाजून पाच मिनिटांनी पोचलो. मामांनी चहा घेतला, सात वाजून आठ मिनिटांनी अ‍ॅप उघडून निळ्यांवर शंभर रुपये लावले आणि एका कानात इअरफोन घातला.

"वसंतभाऊ, कानात काय घातलं?" मालूबाईंनी विचारलं.

"बातम्या," मामा म्हणाले.

सव्वासातला पहिला अर्धा संपला नाही. साडेसातलाही नाही. मामा दर थोड्या वेळाने स्क्रीनवरचं घड्याळ बघत आणि मग मनगटावरचं. दोन्ही घड्याळांतला फरक वाढत गेला तशी त्यांच्या चेहऱ्यावर एक नाराजी आली. एखादा व्यापारी वजनकाट्यात गडबड करताना दिसला की यायची तशी.

"चीटिंग आहे ही," ते मला हळूच म्हणाले.

"मामा, बंद करा आता."

"आत्ता बंद केलं तर शंभराचे शंभर गेले. ते बेजबाबदारपणाचं होईल. बाहेर पडायचा आकडा जरा वर येऊ दे."

आठला लिलाव सुरू झाला. मामांनी पहिल्या दोन गाड्यांना फोन खिशात ठेवून 'नाही' म्हटलं, आणि चांगलं म्हटलं. मग फोन पुन्हा हातात आला. स्क्रीनच्या घड्याळात दोन मिनिटं उरल्याचं दिसलं तसं मी स्टॉपवॉच सुरू केलं.

पंडितांची गाडी रांगेत मालूबाईंच्या पुढे होती. त्यांचा आवाज ते स्वतःच होते. सोळाशे नव्वदला बोली तुटली. ते शांतपणे चालत मालूबाईंच्या ट्रॉलीपाशी आले.

"वहिनी, सोळाशे नव्वद. लक्षात राहील ना?"

"मले गिनती येते भाऊजी."

घोळका पुढे सरकला. बोलीवाल्याने चिठ्ठी वाचली. "मालूबाई, फोपनार. आवाज़ वसंतभाऊ." दोन व्यापाऱ्यांनी पानं बाजूला सारून घड बघितले आणि काही न बोलता एकमेकांकडे पाहिलं. माल चांगला असला की ते असंच करतात. चौदाशेवरून सुरुवात झाली. साडेचौदाशे. पंधराशे. पंधराशे दहा. आणि नेहमीप्रमाणे सगळे थांबले. एकजण फोन काढून कोणाशीतरी भुसावळच्या गाडीबद्दल बोलायला लागला. एकाने विडी पेटवली.

ही मामांची जागा होती. इथे ती कंटाळलेली 'नाही' यायला हवी होती.

मी त्यांच्या शेजारी उभी होते, त्यामुळे स्क्रीन मला दिसत होती. निळे गुण मिळवायच्या रेषेजवळ पोचले होते. बाहेर पडायच्या बटणावरचा आकडा एकशे चौतीस, एकशे एक्केचाळीस असा वर चढत होता. मामांचा अंगठा त्याच्यावर धरलेला होता. आणि तेवढ्यात, आठ वाजून आठ मिनिटांनी, सगळी स्क्रीन पांढरी झाली आणि अक्षरं आली. 'आप एक घंटे से खेल रहे हैं। ज़रा रुकिए। क्या आप अपनी सीमा में हैं?'

"पंद्रह सौ दस, एक," बोलीवाला म्हणाला.

मामांनी सूचना वाचली. सावकाश, शेवटपर्यंत, पूर्णविरामासकट. मग त्यांचे ओठ हलायला लागले. ते मोजत होते.

"पंद्रह सौ दस, दो."

"वसंतभाऊ!" मालूबाई म्हणाल्या. मामांच्या एका कानात इअरफोन होता आणि दुसऱ्या कानाचा त्या क्षणी उपयोग नव्हता. "नाही! नाही देत मी!" त्या ट्रॉलीवर उठून उभ्या राहिल्या.

बोलीवाल्याने चिठ्ठीकडे पाहिलं. "बाई, आवाज़ वसंतभाऊ का लिखा है." मग मामांकडे पाहिलं. चांगला माणूस होता, दोन-तीन सेकंद जास्त थांबला. "वसंतभाऊ?"

मी मामांचा दंड धरून हलवला. त्यांनी डोळे न हलवता माझा हात बाजूला केला. त्यांचं मोजणं चुकलं असतं.

"तीन. दिया."

मामा तेव्हा सहावर होते. हे मी अंदाजाने सांगत नाही, मी त्यांच्या ओठांकडे बघत होते. सात, आठ, नऊ, दहा. मग त्यांनी 'हाँ, मैं सीमा में हूँ' हे बटण दाबलं, लगेच बाहेर पडायचं बटण दाबलं, एकशे अठ्ठावीस रुपये घेतले, इअरफोन काढला आणि एक कर्तव्य पार पाडल्याच्या आनंदाने मान वर केली.

"हं," ते म्हणाले. "कुठपर्यंत आली बोली?"

घोळका पुढच्या गाडीकडे गेला. ज्याने माल घेतला होता त्याचा माणूस ट्रॉलीवर खडूने खूण करत होता.

"पंधराशे दहा," पंडित म्हणाले. त्यांच्या आवाजात आनंद नव्हता. त्यांनाही ते जरा विचित्रच वाटलं असावं. पण ते एवढंच म्हणाले, "शब्द म्हणजे शब्द, वहिनी."

मामांना समजायला थोडा वेळ लागला. मग ते एकदम खूप बोलायला लागले. क्विंटलमागचा फरक मी देतो, आत्ता देतो, माझ्या खिशातून. मालूबाईंनी चिठ्ठी त्यांच्यापुढे धरली.

"इथी पंधराशे दहा लिहेल आहे. तुम्ही खिशातून दिले तरी इथी तेच राहीन. माह्या घरवाल्याले मी ही चिठ्ठी दाखवीन का तुमचा खिसा?"

"मालूताई, ऐका तर. मी काही नशेत नव्हतो. जुगार नव्हतो खेळत. अकरा आठवड्यांत एक नियम मोडला नाही. आत्तासुद्धा नाही मोडला. हिला विचारा. हिने बनवलेत."

मालूबाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"तू बनवले?"

"हो."

"किती शिकली?"

"एम.एस्सी. झालंय."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि ट्रॉलीतली उरलेली पानं गोळा करायला लागल्या.

माझं स्टॉपवॉच अजून चालू होतं. सामन्याचा पहिला अर्धा संपला तेव्हा मी ते सवयीने बंद केलं. चौदा मिनिटं चाळीस सेकंद. त्या सकाळी आम्हा दोघांपैकी कोणी काही अचूक केलं असेल तर ते एवढंच.

दुपारी अ‍ॅपने मामांना एक सोनेरी तारा पाठवला. 'इस हफ़्ते आप सीमा में रहे। आप एक जिम्मेदार खिलाड़ी हैं।' त्यांनी तो मला दाखवला. दाखवायला नको होता, हे त्यांनाही दाखवताना कळलं असावं, कारण फोन लगेच उलटा ठेवला. संध्याकाळी त्यांनी मला पुन्हा बोलावलं.

"आठवा नियम लिही. मंडीत अ‍ॅप बंद."

"तुम्हीच लिहा मामा."

"तुझं छापलेलं चांगलं दिसतं. आणि हे बघ, मी आठवड्याची मर्यादा सातशेची साडेतीनशे केली. आत्ताच." हे त्यांनी अशा चेहऱ्याने सांगितलं जसं एखाद्याने सव्वा महिन्याचे उपास धरलेत. "चूक झाली की शिक्षा घ्यायची. मी पळणाऱ्यातला नाही."

वंदनामामी आत भाजी निवडत होत्या. "मालूबाईची बाग गेली, आणि यांनी स्वतःला साडेतीनशेचा दंड केला," त्या भाजीला म्हणाल्या.

रविवारी मालूबाई आमच्या घरी आल्या. मामांकडे नाही, माझ्याकडे. बसा म्हटलं तर बसल्या नाहीत.

"मंगळवारी दुसरी कापणी आहे. वसंतभाऊ कितीवर 'नाही' म्हनत, हे तुले काढता येईन का? तू हिसाबवाली आहे म्हने."

मामा दर गाडीची बोली एका डायरीत टिपून ठेवत. मामींनी मला तीन वर्षांच्या डायऱ्या काहीही न विचारता काढून दिल्या. मी दोन दिवस बसून पाचशेहून जास्त गाड्यांच्या नोंदी मांडल्या. बोली पहिल्यांदा थांबते तेव्हा शेवटच्या भावापासून ती साधारण दोनशेने खाली असते; दुसऱ्यांदा थांबते तेव्हा साठ-सत्तरने. तिसऱ्यांदा 'नाही' म्हटलेल्या गाड्यांपैकी बहुतेक रांगेच्या शेवटी जाऊन कमी भावात गेल्या होत्या. मी सोमवारी संध्याकाळी मालूबाईंना फोन करून हे सगळं सांगितलं, शक्य तेवढं सोपं करून.

"म्हंजे दोनदा 'नाही' म्हनायचं आन् तिसऱ्यांदा द्यायचं," त्या म्हणाल्या.

"हो."

"हे तर मलेबी माहीत होतं." मग म्हणाल्या, "पण बरं झालं. उद्या ये."

मंगळवारी बोलीवाल्याने चिठ्ठी वाचली आणि थांबला. "आवाज़?"

"माहाच," मालूबाई म्हणाल्या. "लिहेल आहे ना, वाचा."

व्यापाऱ्यांत कोणीतरी हसलं. चौदाशे, पंधराशे, पंधराशे चाळीस. थांबले. विडी पेटली. बोलीवाल्याचं 'एक' झालं, 'दो' झालं. मालूबाई ट्रॉलीपाशी हाताची घडी घालून उभ्या होत्या.

"नाही."

ती मामांसारखी कंटाळलेली नव्हती. चांगली खणखणीत होती. भाव सोळाशे सत्तरला जाऊन पुन्हा थांबला. "नाही." सतराशे चाळीस. या वेळी त्या काही बोलल्या नाहीत. तीन झाले.

पंडित रांगेच्या बाजूला उभे होते.

"सतराशे चाळीस, भाऊजी," मालूबाई म्हणाल्या. "बाग माह्याकडे राहीन."

"वहिनी, शब्द पहिल्या गाडीचा होता."

"होता. पहिल्या गाडीले मी माहा आवाज दुसऱ्याले देला, ती चूक माही. त्याची शिक्षा एक गाडी. ती गेली. तीन एकर कामून देऊ?"

"उखर्डूला विचारू."

"विचारा की. तोबी तेच म्हनीन. काल सांगतलं मी त्याले." आणि त्यांनी चिठ्ठी दुमडून कमरेला खोचली. पंडितांनी एका घडावरून हात फिरवला. मग त्यांनी मालूबाईंना विचारलं की त्या पिशव्या घडांना कधी बांधल्या, फुलं झडायच्या आधी की नंतर.

त्या दिवशी फोपनारच्या बाकी गाड्यांच्या चिठ्ठ्यांवर मामांचं नाव नव्हतं. कोणी त्यांना तसं सांगितलं नव्हतं, भांडणही झालं नव्हतं. लोकांनी फक्त दुसरी नावं लिहिली. खत मात्र ते अजून त्यांच्याकडूनच घेतात, उधारीची सोय आहे.

परत येताना मालूबाई माझ्या मागे स्कूटीवर बसल्या होत्या. त्यांना बसस्टँडला सोडायचं होतं. दहाला पाच-सात मिनिटं कमी असतील. मामा दुकानाच्या पायरीवर उन्हात खुर्ची टाकून बसले होते, एका कानात इअरफोन. दुकान अजून उघडायचं होतं, मंडी त्यांच्याकडे राहिली नव्हती. त्यामुळे आता आठपैकी एकही नियम त्यांच्या आड येत नव्हता. आम्हाला बघून त्यांनी हात वर केला.

"हिमू! थांब, थांब, ये बस! शेवटची दोन मिनिटं राहिली!"

"काय म्हने?" मालूबाईंनी मागून विचारलं.

"काही नाही," मी म्हणाले आणि स्कूटी थांबवली नाही.